ऐका, टिपा, मग गट करा

इयत्ता तिसरीचा वर्ग घ्या, चोवीस मुलांचा. शाळा उघडली की सगळ्यांच्या हाती बालभारतीचं एकच पुस्तक येतं. काही मुलं ते घरी नेऊन आठवड्याभरात निम्मं वाचून काढतात. काहींना सुटी अक्षरं येतात, पण काना-वेलांटी लागली की अडतं. काही जण सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून मोठ्यानं धडा म्हणतात, आणि एकट्याला वाचायला सांगितलं की पुस्तकाऐवजी बाईंच्या ओठांकडे बघतात. एखादी मुलगी खणखणीत वाचते, पण काय वाचलंस म्हणून विचारलं तर तिला सांगता येत नाही.

या चोवीस जणांना एकाच वेळी एकच धडा शिकवला तर तो वर्गातल्या पाच-सात जणांच्या उपयोगाचा होतो. म्हणून वाचन छोट्या गटात शिकवावं, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अडचण पुढे येते. जूनमध्ये चाचणी होते, गट पडतात, गटांची यादी भिंतीवर लागते आणि तीच यादी मार्चपर्यंत तशीच राहते. मधल्या काळात मुलं बदललेली असतात, यादी बदललेली नसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: ज्या नोंदीमुळे उद्याचा पाठ बदलत नाही, ती नोंद करण्यात वेळ घालवू नये, आणि ज्या गटामागे ताजी नोंद नाही, तो गट चालू ठेवू नये. हे वर्गात कसं करायचं, ते पुढे सांगतो. उदाहरण तिसरीचं आहे, पण दुसरी ते पाचवीपर्यंत पद्धत हीच.

सुरुवात: एकेकाला ऐकायचं

पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाचं वाचन एकट्यानं ऐका. त्यासाठी नवं साधन बनवत बसायची गरज नाही. ‘असर’चं वाचनसाधन २००५ पासून वापरात आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचं आहे. त्यात अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. आधी परिच्छेद द्यायचा. मुलानं तो सलग, तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचला तर गोष्ट द्यायची. परिच्छेद जमला नाही तर शब्दांकडे यायचं. पाचांपैकी चार शब्द आले तर ते मूल शब्दपातळीवर. तेही नाही आले तर अक्षरं, तिथंही पाचांपैकी चार. एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. रोज पाच मुलं घेतली तर आठवड्याभरात वर्ग होतो, आणि बाकीच्यांचं शिकणंही थांबत नाही.

ऐकताना मुलाला समोर उभं करू नका. व्हरांड्यात किंवा वर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर त्याच्या शेजारी बसा. आधी त्याच्याशी चार शब्द बोला, घरी कोण कोण असतं, सकाळी काय खाल्लं. आवाज मोकळा झाला की कागद द्या. मूल अडलं तर तीन-चार सेकंद थांबा, लगेच शब्द पुरवू नका. तरीही आला नाही तर सांगा आणि पुढे जाऊ द्या. चुकल्यावर ‘च्’ करू नका, आणि प्रत्येक शब्दाला ‘शाब्बास’ही म्हणू नका, शाब्बासकी थांबली की आपण चुकलो हे मुलाला कळतं आणि ते तुमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू लागतं.

हे साधन मुळात सर्वेक्षणासाठी बनलेलं आहे. मूल कुठे आहे ते त्यातून कळतं. ते तिथंच का अडकलंय, हे कळण्यासाठी आणखी एक पायरी लागते. बरेच वर्ग या पहिल्या पायरीवरच थांबतात, आणि ‘परिच्छेद गट’ असं नाव दिलेल्या सहा मुलांना सहा वेगळ्या अडचणी असतात.

पन्नास शब्दांचा उतारा

दुसरी पायरी म्हणजे चुका टिपणं. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी मूल वाचत असताना प्रत्येक शब्दाची नोंद ठेवायची पद्धत बसवली आणि ती जगभर पसरली. ती इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी होती. मराठीत आणताना थोडे फेरफार करावे लागतात, पण गाभा उपयोगाचा आहे: मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहून ठेवायचं.

मुलांनी आधी न वाचलेला, बरोबर पन्नास शब्दांचा उतारा स्वतः लिहा. पन्नास अशासाठी की एक चूक म्हणजे दोन टक्के. हिशेब तोंडी होतो. नमुन्यादाखल हा पाहा:

रविवारी आजी बाजारात गेली. तिने कांदे, मिरच्या आणि एक मोठा भोपळा घेतला. पिशवी फार जड झाली. आजी वडाच्या झाडाखाली बसली. तेवढ्यात शेजारची सुमन धावत आली. ती म्हणाली, “आजी, पिशवी मी घेते.” आजीने पिशवीतला भोपळा बाहेर काढला. सुमनने तो डोक्यावर ठेवला. दोघी गप्पा मारत घराकडे निघाल्या. रस्त्यात त्यांना जोराचा पाऊस लागला.

एक प्रत मुलाच्या हातात, एक तुमच्या. शब्द बरोबर वाचला तर काही करायचं नाही. चुकला तर त्या शब्दावर मुलानं उच्चारलेला शब्द लिहायचा. गाळला तर आडवी रेघ. आपणहून सुधारला तर ‘सु’, आणि तो चुकीत धरायचा नाही. तुम्हाला सांगावा लागला तर ‘सां’, आणि ती चूक. वर तारीख, मुलाचं नाव. बस, एवढंच.

ढोबळ ठोकताळा असा धरतात: ९५ टक्के किंवा जास्त शब्द बरोबर आले तर त्या पातळीचं पुस्तक मूल एकटं वाचू शकतं, ९० ते ९४ असतील तर तुमच्या मदतीनं शिकायला ते योग्य, ९० च्या खाली असेल तर तूर्त अवघड. हे आकडेही इंग्रजीवरून आलेले आहेत, म्हणून मराठीत ते दगडावरची रेघ मानू नका. पुस्तक कुठलं द्यायचं एवढ्यापुरते वापरा. शिकवायचं काय, हे टक्केवारी सांगत नाही. ते चुकलेल्या शब्दांतून कळतं.

टक्के सारखे, गरज वेगळी

समजा, वरचा उतारा दोघांनी वाचला. दोघांच्याही सहा चुका, म्हणजे दोघंही ८८ टक्के.

मुलीनं असं वाचलं: मिरच्या म्हणजे ‘मिरचा’, वडाच्या म्हणजे ‘वडाचा’, तेवढ्यात म्हणजे ‘तेवढात’, डोक्यावर म्हणजे ‘डोकावर’, निघाल्या म्हणजे ‘निघाला’, रस्त्यात म्हणजे ‘रस्तात’. यादी एकाखाली एक लिहिली की दिसतं: सहाही ठिकाणी जोडलेला ‘य’ सुटलाय. ‘गप्पा’ तिला आलं. ‘म्हणाली’ आणि ‘त्यांना’ही आलं, कारण हे शब्द जवळजवळ प्रत्येक गोष्टीत येतात आणि ती ते पाहताक्षणी ओळखते. म्हणजे ‘हिला जोडाक्षरं येत नाहीत’ हा शेरा चुकीचा ठरला असता. तिला नवख्या शब्दातला जोडलेला ‘य’ दिसत नाही, एवढंच. ही एका आठवड्यात सुटणारी गोष्ट आहे.

मुलानं असं वाचलं: बाजारात म्हणजे ‘बाजार’, झाडाखाली म्हणजे ‘झाडावर’, शेजारची म्हणजे ‘शेजारी’, पिशवीतला म्हणजे ‘पिशवीत’, काढला म्हणजे ‘काढून’, घराकडे म्हणजे ‘घरात’. याला मिरच्या, तेवढ्यात, डोक्यावर सगळं नीट आलं. जोडाक्षरांचा प्रश्नच नाही. हा शब्दाची सुरुवात पाहतो आणि शेवट मनानं लावतो. मराठीत हे महागात पडतं, कारण आपला शब्द शेपटाकडूनच वाढतो: झाड, झाडाला, झाडाखाली, झाडाखालच्या. अर्थाचा मोठा भाग त्या शेवटच्या दोन-तीन अक्षरांत असतो. शिवाय आजी झाडावर बसली असं वाचून तो थबकलाही नाही. म्हणजे वाचताना अर्थाकडे त्याचं लक्ष नाही, हे दुसरं निदान.

केवळ ८८ टक्क्यांवर गट केला असता तर दोघं एकत्र आले असते, आणि दोघांना ‘जोडाक्षरांचा तक्ता’ मिळाला असता. मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता आणि मुलीला त्यातला सगळा तक्ता नको होता. म्हणून गुणांचा रकाना भरण्याआधी चुकांची यादी एकाखाली एक लिहायची सवय लावून घ्या. या लेखातली एकच गोष्ट करून बघायची असेल तर ही करा.

कुठली चूक चूक नाही

खानदेशात एखादं मूल ‘भोपळा’ला ‘भोपया’ म्हणेल. बऱ्याच घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. मुलाच्या समोर ‘पाणी’ लिहिलंय, त्यानं तो शब्द बरोबर ओळखला, अर्थ त्याला ठाऊक आहे, आणि घरी जसा उच्चारतात तसा उच्चारला. ही वाचनाची चूक नव्हे, मोजू नका. प्रमाण उच्चार हळूहळू येईल, त्याची जागा वेगळी. वाचनाच्या नोंदीत बोलीला दंड लावला तर मूल दोन गोष्टी शिकतं: आपलं बोलणं चुकीचं आहे, आणि वाचन म्हणजे बाईंसारखं बोलणं.

पण घरी कोरकू, गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी सांभाळावं लागतं. त्याला अक्षरं जोडता येत असतील, पण ‘तेवढ्यात’ म्हणजे काय हेच माहीत नसेल. अशा मुलाला वाचनाचा सराव वाढवून फायदा नाही. त्याला आधी मराठी ऐकायला आणि बोलायला मिळायला हवी. नोंदीत अशा शब्दाखाली रेघ मारून ‘अर्थ?’ लिहा आणि वाचून झाल्यावर त्याला चित्र दाखवून किंवा कृती करून विचारा. अडचण लिपीची की भाषेची, हे वेगळं काढल्याशिवाय त्या मुलाला कुठल्याही गटात बसवू नये.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र इथं ध्यानात ठेवण्याजोगं आहे: वाचन-आकलन म्हणजे लिपी उलगडण्याचं कौशल्य गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, बेरीज नाही. दोहोंपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्यच. म्हणून उतारा वाचून झाल्यावर दोन-तीन प्रश्न विचारल्याशिवाय नोंद पुरी झाली असं समजू नका.

प्रश्नही निवडून हवेत. ‘आजी कुठे गेली?’ याचं उत्तर उताऱ्यात तयार आहे. शब्दावर बोट ठेवता आलं की झालं. ‘आजीनं भोपळा पिशवीतून बाहेर का काढला?’ याचं उत्तर उताऱ्यात लिहिलेलं नाही. पिशवी जड होती, सुमन ती घेते म्हणाली, म्हणून आजीनं ओझं वाटून घेतलं, हे मुलाला जोडावं लागतं. हा दुसऱ्या प्रकारचा प्रश्न प्रत्येक वेळी एक तरी विचारा. उत्तर मूल आपल्या बोलीत देईल. दिलं की झालं.

वेगाबद्दल दोन शब्द. निपुण भारत अभियानानं २०२१ मध्ये तिसरीच्या मुलांसाठी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य ठेवलं. दुसरीसाठी ४५ ते ६०. लक्ष्य असण्यात वाईट काही नाही, अडखळत वाचणाऱ्या मुलाची शक्ती अक्षरांतच खर्च होते आणि अर्थापर्यंत ती पोचत नाही. पण घड्याळ मुलाला दाखवू नका. महिन्यातून एकदा मोबाइलवर वेळ लावून तुमच्यापुरती नोंद ठेवा. घड्याळ दिसलं की मुलं शेवटच्या अक्षरांना हमखास फाटा देतात, आणि मग वर सांगितलेल्या मुलासारखी वाचू लागतात.

गट करताना

आता नोंदी पुढ्यात घ्या आणि ज्यांची अडचण सारखी आहे त्यांना एकत्र आणा. एका गटात चार ते सहा मुलं. वर्गात तीन गट झेपतात, फार तर चार. पाचवा गट केला की शिक्षकाची दमछाक होते आणि दोन आठवड्यांत सगळंच बंद पडतं. तिसरीत साधारण असे गट निघतात: अक्षर आणि स्वरचिन्हांवर अडणारे, जोडाक्षरं किंवा शब्दांच्या शेवटावर अडणारे, आणि सुरळीत वाचणारे पण आकलनात कच्चे असणारे. उत्तम वाचणाऱ्या मुलांना वाऱ्यावर सोडू नये. त्यांना जरा मोठी पुस्तकं आणि बोलायला कुणीतरी हवं असतं, तेही तुम्हीच.

द्विशिक्षकी शाळेत दुसरी-तिसरी-चौथी एका खोलीत असेल तर वाचनाच्या तासापुरती इयत्ता विसरा. चौथीतल्या मुलाला अक्षरगटात बसायला लाज वाटते, हे मात्र खरं. त्याच्यासाठी गटाचं काम तेच ठेवा, मजकूर त्याच्या वयाचा घ्या: क्रिकेट, बैल, मोटारसायकल. दहा वर्षांच्या मुलासमोर पहिलीच्या चिमणीची गोष्ट ठेवू नये.

गटांना ‘अप्रगत’, ‘मागे पडलेले’ अशी नावं कधीच देऊ नका, आणि भिंतीवर यादी लावू नका. झाडांची, नद्यांची नावं द्या आणि दर महिन्याला बदला, म्हणजे एखाद्या नावाला शिक्का चिकटत नाही.

तुमचा वेळ सगळ्या गटांना सारखा वाटू नका. सर्वांत जास्त अडणाऱ्या गटाला रोज वीस मिनिटं. मधल्या गटाला आठवड्यातून तीन दिवस. सुरळीत वाचणाऱ्यांना दोन दिवस. ज्याला जास्त गरज त्याला जास्त वेळ, हाच इथला न्याय.

वीस मिनिटांचा पाठ

वर पाहिलेल्या मुलीचा गट घेऊ. जोडलेला ‘य’ सुटणारी पाच मुलं आहेत असं समजा.

आधी कानानं. पुस्तक बंद. ‘मुलगा निघाला’, ‘मुली निघाल्या’. ‘आजीचा चष्मा’, ‘आजीच्या बांगड्या’. मुलांना म्हणायला लावा, फरक कुठे ऐकू येतो ते विचारा. बोलताना ही मुलं कधीच चुकत नाहीत. ‘दोघी निघाला’ असं कुणी म्हणणार नाही. त्यांना जे बोलता येतं त्यावरच वाचन उभं करायचंय. मग फळ्यावर जोड्या लिहा: वडाचा, वडाच्या. निघाला, निघाल्या. बदललेला भाग मुलांनीच गोल करावा. त्यानंतर चार-पाच ओळींचा नवा मजकूर, ज्यात असे सात-आठ शब्द आहेत. सगळे आपापलं पुटपुटत वाचतील. सामूहिक सूर लावू देऊ नका, नाहीतर कोण वाचतंय आणि कोण ऐकून म्हणतंय ते कळणार नाही. तुम्ही एकेकाजवळ झुकून दोन ओळी ऐका. कुणी ‘दोघी निघाला’ वाचलं तर लगेच दुरुस्त करू नका. वाक्य संपू द्या आणि विचारा, “दोघी निघाला, असं आपण म्हणतो का?” बहुतेक वेळा मूल मागे जाऊन स्वतः दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्ती तुम्ही सांगितलेल्या उत्तरापेक्षा टिकते. शेवटी तीन शब्दांचं श्रुतलेखन. लिहिताना ‘य’ सुटला तर वाचनातही तो अजून कच्चा आहे, असं समजा. सहसा हे दोन्ही बरोबर चालतं.

हे जमलं की पुढची पायरी ‘दुसऱ्या’, ‘म्हाताऱ्या’ यांतला ‘ऱ्य’, आणि त्यानंतर ‘सूर्य’, ‘कार्य’ यांतला रफार. दोन्ही एकाच दिवशी घेऊ नका, मुलं गोंधळतात.

शब्दांचा शेवट गिळणाऱ्या गटाला वेगळं काम. एक शब्द घ्या आणि तो शेपटानं वाढवत न्या: घर, घरात, घरातला, घरातल्या. प्रत्येकानं त्या शब्दाचं वाक्य करायचं. मग ‘आजी झाडाखाली बसली’ आणि ‘आजी झाडावर बसली’ ही दोन वाक्यं देऊन चित्रं काढायला लावा. चित्रं वेगळी काढावी लागतात, म्हणून शेवट वाचावाच लागतो.

अक्षरगटाबद्दल मला जरा आग्रहानं सांगायचंय. सगळी मुळाक्षरं आणि पूर्ण बाराखडी घोटून झाल्याशिवाय शब्द द्यायचे नाहीत, ही जुनी रीत सोडा. क, म, ल, ब, र आणि काना एवढ्यावर काम, माल, मामा, काका, बाबा, लाल, बारा, मला हे सगळे शब्द वाचता येतात. आपण वाचतोय हे मुलाला पहिल्या आठवड्यातच कळलं पाहिजे. नोंदही त्याच बेतानं ठेवा: ‘अक्षरं येत नाहीत’ असं न लिहिता कोणती दोन अक्षरं एकमेकांत गुंततात ते लिहा. घ आणि ध, भ आणि म, ट आणि ढ ही नेहमीची. आणि अक्षरं सुटी येत असून ‘क, म, ळ’ यांचं ‘कमळ’ होत नसेल, तर त्या मुलाला आणखी अक्षरं शिकवून काही होत नाही. त्याला आवाज जोडायचा सराव हवा, तोंडी, खेळातून, अक्षरं समोर न ठेवतासुद्धा.

बाकीची मुलं त्या वेळात काय करतात

तुम्ही एका गटाजवळ बसलात की इतर अठरा-वीस जणांना काम हवं, आणि ते त्यांना एकट्यानं जमेल असंच हवं. नवीन काही नको. जोडीनं वाचन, कालच्या गोष्टीचं चित्र आणि खाली दोन ओळी, शब्दपट्ट्यांवरून वाक्यं, वाचनकोपऱ्यातलं पुस्तक. पहिले पंधरा दिवस गटपाठ न घेता फक्त हीच शिस्त बसवा: कुठे बसायचं, पुस्तक कुठे ठेवायचं, अडलं तर आधी जोडीदाराला विचारायचं. हे पंधरा दिवस वाया जातात असं वाटतं, पण ते पुढे वर्षभर उपयोगी पडतात.

पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टी पातळीनुसार मोफत मिळतात, छापूनही घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक सुरळीत वाचणाऱ्या गटाला पुरून उरतात.

आणि गटपाठ सुरू झाले म्हणून संपूर्ण वर्गाला गोष्ट वाचून दाखवणं बंद करू नका. अक्षरगटातल्या मुलांना चांगली भाषा कानावर पडायची तीच एक जागा असते.

नोंद चालू ठेवायची कशी

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत पहिलंच ‘दैनंदिन निरीक्षण’ ठेवलं गेलं. कल्पना नेमकी हीच होती. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत लिहिल्या जाऊ लागल्या, आणि त्यांतली वाक्यं सगळ्या मुलांना लागू पडतील अशी झाली.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मुलासाठी वहीचं एक पान. गटपाठात रोज फक्त एका मुलाची नीट नोंद करा, तारीख टाकून दोन ओळी. ‘ऱ्य अडतो. मागे जाऊन स्वतः सुधारलं, दोनदा.’ एवढं पुरतं. रोज भेटणाऱ्या पाच जणांच्या गटात प्रत्येकाची पाळी आठवड्यातून एकदा येते. इतर गटांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि चालतं. दर महिन्याला एकदा नवा पन्नास शब्दांचा उतारा, सगळ्यांसाठी. तोच उतारा पुन्हा वापरू नका, मुलं पाठ करतात.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं ती वही उघडा आणि प्रत्येक गटाबद्दल तीन प्रश्न स्वतःला विचारा. या गटाला सोमवारी काय शिकवू? कोणाला हलवू? काय बंद करू? तिसरा प्रश्न बहुतेकांच्या मनात येत नाही, पण वेळ तिथूनच निघतो. पाचपैकी चार जणांना ‘य’ आला असेल तर तो सराव थांबवा. पाचव्यासाठी दोन मिनिटं वेगळी काढा.

मूल गटातून हलवायचं ते एका चांगल्या दिवसावरून नाही आणि एका वाईट दिवसावरूनही नाही. लागोपाठ दोन नोंदी एकच सांगत असतील तर लगेच हलवा, महिना संपायची वाट बघू नका. तीन आठवडे झाले आणि एखाद्या मुलाच्या पानावर काहीच हललं नसेल तर आधी तुमची पद्धत बदला, नंतर मुलाविषयी मत बनवा. त्याच्या डोळ्यांची आणि कानांची तपासणीही एकदा करून घ्या. फळ्यावरचं न दिसणारं मूल आळशी ठरतं, हे आपल्या शाळांत अजूनही घडतं. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाऊन परतलेल्या मुलाला गेल्या महिन्याच्या गटात बसवू नका. त्याला पुन्हा पहिल्यापासून ऐका, तीन मिनिटांचंच काम आहे.

पालकांना भेटलात की टक्केवारी सांगू नका, वहीतलं पान दाखवा. ‘जूनमध्ये हे शब्द येत नव्हते, आता येतात’ हे न शिकलेल्या आईलाही कळतं. घरी काय करायचं विचारलं तर एकच सांगा: रोज पाच मिनिटं मुलानं वाचावं आणि घरातल्या कुणीतरी ऐकावं. ऐकणाऱ्याला वाचता आलंच पाहिजे असं नाही.

केंद्रप्रमुखांना आणि विस्तार अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. शाळेला भेट द्याल तेव्हा गटांचा तक्ता आणि भरलेले रकाने मागू नका. एखाद्या मुलाचं पान उघडा आणि शिक्षकाला विचारा, “या नोंदीनंतर तुम्ही दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलंत?” उत्तर मिळालं तर ती वही जशी आहे तशी चालू द्या, खाडाखोड असली तरी, अक्षर वाईट असलं तरी. आणि तिच्यासोबत आणखी एक नमुना भरायला लावू नका.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, चोवीस मुलांचा विचार करून दडपण येत असेल तर येत्या सोमवारी पाचच मुलं निवडा. पन्नास शब्द लिहा, त्यांच्या शेजारी बसा आणि ती काय म्हणतात ते टिपा. बाकीचा वर्ग पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.